ओल्या अंगठ्याचा मारुतीदादा

परवा एका क्लायंटनं मला सांगितलं, "मॅडम, तो फोन नंबर जरा बारीक करा ना, फार अंगावर येतोय," आणि माझा हात आपोआप टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे गेला. मी ग्लास त्याच्यापुढे सरकवला. तो बिचारा थँक्यू म्हणून प्यायला. तेव्हा लक्षात आलं की हे मी करत नाहीये, माझ्या हातानं मारुतीदादा करतोय. घरी आले आणि लिहायलाच बसले, कारण डोक्यात सगळं एकदम आलंय आणि उद्यापर्यंत थांबलं तर यातलं अर्धं सांडेल.

लोणावळ्याच्या बाजारात, एका मिठाईच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस. दोन खोल्या, एक सर, आणि आम्ही तीन-चार जण. बंगले, होमस्टे, कॅम्पिंगवाले, मंगल कार्यालयं, यांच्या वेबसाईट आम्ही बनवायचो. मी चिंचवडहून यायचे. पहिल्या दिवशी जिना चढून गेले तर खोलीच्या मधोमध एक माणूस उभा. अंगानं पैलवान, मिशा अशा की फोटो काढून तालमीत लावावा. मला वाटलं कुणीतरी भांडायला आलंय. तो मान वर करून ट्यूबलाईटकडे बघत होता. माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाला, "ताई, तुमी हाईटला बऱ्या हाय. जरा बगा ना, पाल हितंच हाय का पलीकडं गेली."

मी बघितलं. पाल पलीकडे गेली होती. मग त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला आणि म्हणाला, "मी मारुती. क्लायंट मीच सांभाळतो."

हा माणूस क्लायंट सांभाळतो, हे ऐकून मला हसू आलं होतं. पुढे कळलं की तो पालीपेक्षा क्लायंटला जास्त भितो.

म्हणजे कसा भितो ते सांगते. फोन वाजला की आधी टेबल आवरायचा. पेन सरळ, वही सरळ, मग शर्टाचं वरचं बटण लावायचा, आणि तोपर्यंत रिंग संपत आलेली असायची. फोन कानाला कधी लावायचा नाही, स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायचा आणि खुर्ची मागे घ्यायचा, जसं काही फोनमधून हात बाहेर येईल. भिंतीला पाठ लावूनच बसायचा. मे महिन्यातसुद्धा छत्री घेऊन यायचा. विजेला भ्यायचा, लिफ्टला भ्यायचा, आणि धुक्याला तर इतका की खिडकीबाहेर पांढरं दिसायला लागलं की ह्याच्या ओठांवरचा रंग जायचा. मिशांवरून आमचे क्लायंट त्याला दबून असायचे, तो त्यांना दबून असायचा, आणि मीटिंगमध्ये दोन घाबरलेली माणसं एकमेकांना अहो-जाहो करत बसलेली असायची.

मूळचा सुदुंबऱ्याचा. बेगडेवाडी स्टेशनला मोटारसायकल लावून लोकलनं यायचा. आधी गावाकडे फ्लेक्सच्या दुकानात डिझाईन करायचा. वाढदिवसाचे, निवडीचे, यात्रेचे फ्लेक्स. तो म्हणायचा, सगळं शिक्षण तिथंच झालं. "फ्लेक्सवर चाळीस मुंडकी आसत्यात ताई. त्यात एकाचं मुंडकं दुसऱ्यापरीस सुपारीएवढं बारीक झालं की मानसं दुकानात. तवापास्नं मी कुनाला न्हाई म्हनत न्हाई."

खरंच म्हणायचा नाही. क्लायंट काहीही मागू दे, त्याचं पहिलं उत्तर ठरलेलं: "घेऊ की." अक्षरं लाल-हिरवी उघडझाप करायला हवीत? घेऊ की. माऊसच्या मागं चांदण्या? घेऊ की. मला सुरुवातीला राग यायचा, मी कॉलेजातून नवीन शिकून आलेली, असं कसं घेऊ, अहो. पण 'घेऊ की' नंतर तो थोडा थांबायचा, खाली बघायचा, आणि विचारायचा, "पन भाऊ, घाबरलेला मानूस आला तर?"

आणि मग तो ग्लास यायचा.

पहिल्यांदा बघितलं ते खंडाळ्याच्या एका बंगल्याच्या मालकीणबाईंच्या वेळी. त्यांना जांभळ्यावर सोनेरी वळणदार अक्षरं पाहिजे होती, वरून पानं गळताना पाहिजे होती आणि साईट उघडल्याबरोबर बासरी. मारुतीदादानं सगळं घेतलं, सगळं बनवलं. त्या बघून खूष. मग ह्यानं ड्रॉवरमधून एक जुना, काच तडकलेला फोन काढला, ग्लास पुढे केला आणि म्हणाला, "बाई, आंगठा बुडवा."

"काय?"

"हितं. गिलासात. आन् ही छत्री धरा त्या हातात."

बाई हसत हसत जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या. एका हातात उघडी छत्री, खांद्याला पर्स, दुसऱ्या हातात तो फोन, अंगठा टपटप गळतोय. मारुतीदादा दोन पायऱ्या खाली उभा राहून हात जोडल्यासारखे धरून सांगायला लागला, "आता तुमी पावण्या. घाटात गाडी बंद पडलीया. धुकं हाय. मागच्या शिटवर बारकं पोर रडतंय. आता बंगल्यावर फोन लावा."

बासरी सुरू झाली. बाईंनी दाबलं. स्विमिंग पूलचा फोटो आला. परत दाबलं, पूल अजून मोठा झाला. सोनेरी नंबर कुठंतरी खाली होता, त्याच्यावर एक पान येऊन पडलं. बाई अंगठा पुसायला पदर धरायला लागल्या तर हा म्हणाला, "पदर बी वला हाय, बाई."

"अहो मारुतीराव, पण माझ्याकडे लोक मजा करायला येतात. घाबरायला कशाला येतील?"

"मजेलाच येत्यात. पन रस्ता चुकला की समदी सारकीच." आणि लगेच, "घाबरल्यावर मानसाला वाचता येत न्हाई. नुसतं दिसतं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. बाईंनी अजून दोनदा दाबून बघितलं आणि छत्री मिटत म्हणाल्या, "ती बासरी आधी बंद करा हो, डोक्यात जातेय." बासरी गेली, पानं गेली, खाली हाताच्या पंजाएवढं बटण आलं. पान एकच ठेवलं, कोपऱ्यात. त्यांचं मन राहावं म्हणून.

तो घाबरलेला माणूस कोण, असं मी एकदा चहा पिताना विचारलं. चहा तो फुंकून फुंकून पार गार करून प्यायचा, जिभेला चटका बसेल म्हणून. म्हणाला, "कोन म्हंजी, मीच की." नवीन नवीन असताना तो खंडाळ्याला एका हॉटेलात केलेलं काम पोचवायला गेला होता, धुक्यात रस्ता चुकला. हॉटेलचा नंबर बघायला त्यांची साईट उघडली तर नुसतं गाणं वाजायला लागलं. धुक्यात, दरीच्या कडेला, खिशात गाणं. तो कठड्याला मिठी मारून बसला होता, कुणीतरी येईपर्यंत. "कोन आलं?" मी विचारलं. तर म्हणाला, "म्हायती न्हाई. डोळं मिटल्यालं व्हतं." मी हसले, तो नाही हसला.

अजून एक सांगते, मग कॅम्पवाल्या शंकरभाऊंकडे येते. एका मंगल कार्यालयाच्या मालकांना साईट उघडल्याबरोबर आधी त्यांच्या वारलेल्या वडिलांचा हार घातलेला फोटो पाहिजे होता. अख्खा स्क्रीनभर. खाली काही नाही, नुसते आबा. आमचे सर म्हणाले, लोक लग्नाचा हॉल बघायला येणार आणि पहिल्यांदा श्रद्धांजली. पण मुलगा ऐकेना, डोळ्यात पाणी. मारुतीदादा म्हणाला, घेऊ की. आणि त्यानं आबांना घेतलं, नीट घेतलं, हार काढून हसरा फोटो शोधून घेतला, आणि फोटोलाच बटण केलं. आबांना हात लावला की कार्यालयात फोन लागायचा. मालकांनी ओला अंगठा वडिलांच्या छातीवर ठेवला आणि शेजारी त्यांचाच फोन वाजला. त्यांनी तो उचलला नाही, वाजू दिला. मग म्हणाले, "आबाच बोलवायचे की सगळ्यांना." जाताना मारुतीदादाच्या पाया पडायला वाकले तर हा घाबरून मागे खुर्चीवर आपटला.

एक खोड मात्र सरांना अजिबात आवडायची नाही. साईटवरून जे बुकिंग व्हायचं त्याची मेल आम्हालाही यायची. पावसाच्या शनिवारी मारुतीदादा ते नंबर काढून पाहुण्यांनाच फोन लावायचा. पोचला का, कुठवर आला, दिवे लावलेत ना गाडीचे. सर म्हणायचे, "मारुती, आपण वेबसाईट करतो. लोकांना घरी सोडायचं काम आपलं नाही." तो मान हलवायचा आणि सर आत गेले की पुढचा नंबर फिरवायचा.

आता शंकरभाऊ. पवना धरणाच्या मागच्या अंगाला त्यांची जमीन, वडिलोपार्जित भातशेती. त्यातल्या वरच्या तुकड्यावर त्यांनी कॅम्पिंग टाकलं होतं. माणूस मोठा, आवाज मोठा, जीप मोठी. त्यांच्याकडे पुण्याहून जायला दोन रस्ते. एक डांबरी, लांबून वळसा घालून. दुसरा जवळचा, पण त्याच्यावर एक ओढा आडवा येतो, आणि ओढ्यावर पूल नाही, नुसता बिनकठड्याचा सिमेंटचा पट्टा. जोरात पाऊस झाला की पाणी त्याच्यावरूनच जातं. मावळात त्याला सगळे फरशी म्हणतात. मीही तिथं राहून फरशीच म्हणायला लागले होते.

शंकरभाऊंना साईट उघडल्यावर काय पाहिजे होतं, तर त्यांची जीप त्या फरशीवरून पाणी उडवत जातेय, दोन्ही बाजूंनी कारंजं, आणि मागे गाणं. वर लिहायचं, पुण्यापासून एकदम जवळ. आणि रस्ता दाखवणारं बटण त्या जवळच्या रस्त्यानंच न्यायला हवं, कारण लांबचा दाखवला की किलोमीटर वाढतात आणि गिऱ्हाईक शेजारच्या कॅम्पवर जातं. फोन नंबर खाली, बारीक, राखाडी.

मारुतीदादा म्हणाला, "घेऊ की." मग ग्लास पुढे केला. सरकवताना पाणी टेबलावर सांडलं.

शंकरभाऊंनी ग्लास उचलला, खिडकीतून बाहेर ओतला आणि रिकामा परत ठेवला. "माजा आंगठा हाय तसा बरा हाय."

"पन भाऊ, घाबरलेला मानूस..."

"पावण्यांस्नी भ्या दावून धंदा व्हतो का रं? तू एवढा रेड्यासारका मानूस, आन् भितोस कुनाला?"

मारुतीदादा खाली बघत म्हणाला, "पान्याला, भाऊ."

सरांना शंकरभाऊ हवे होते, कारण त्यांच्यामागून त्या पट्ट्यातले बाकीचे कॅम्पवाले येणार होते. त्यामुळे साईट त्यांना हवी तशीच झाली. मारुतीदादानं चार दिवस जेवणाचा डबा परत नेला. शेवटी एक ओळ तेवढी त्यानं मागून घेतली, अगदी तळाला, तीही शंकरभाऊंनी स्वतः सांगितली तशी: फरशीवर पाणी असल्यास काळजी घ्यावी.

ऑगस्टमधला शनिवार. सकाळपासून असा पाऊस की ऑफिसच्या जिन्यातून पाणी पायरी पायरीनं खाली उतरत होतं. शंकरभाऊ आलेले, साईटवरच्या गाण्याचा आवाज वाढवून पाहिजे म्हणून. फोन टेबलावर ठेवून आम्हाला परत परत तो व्हिडिओ दाखवत होते. मारुतीदादाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो पाहुण्यांचे नंबर लावत होता. शंकरभाऊंकडे त्या दिवशी एकच कुटुंब येणार होतं. फोन लागला. स्पीकरवर, नेहमीसारखा.

"सायेब, मी मारुती बोलतोय, लोनावळ्यावरनं, कॅम्पच्या वेबसाईटवाला. फरशीवर पानी हाय."

"हो हो, वाचलं आम्ही ते," पलीकडचा माणूस अगदी सभ्यपणे बोलला, मागे मुलांचा दंगा. "पुसून घ्या ना मग. आम्ही निघालोय, पोचूच थोड्या वेळात. मुलं लहान आहेत हो, घसरतील."

"न्हाई सायेब, पुसायची न्हाई..."

"बरं बरं, चपला घालूनच ठेवू आम्ही." आणि रेंज गेली.

शंकरभाऊ आधी जोरात हसले. मग हसणं मधेच थांबलं. मीही हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं. आमच्या तिघांच्याही डोळ्यांपुढे एकच फरशी होती, आणि त्या माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरीच. बाथरूमच्या बाहेरची. पांढरी. पोछा मारायची.

मारुतीदादानं परत फोन लावला. लागेना. परत. कॅम्पवरही लागेना. त्याचा चेहरा मी विसरणार नाही, मिशांखाली सगळं पांढरं. तो उठला, छत्री घेतली आणि शंकरभाऊंना म्हणाला, "भाऊ, जीप काडा."

"मला सांगतो का तू..." असं म्हणता म्हणता शंकरभाऊ जिना उतरायला लागले होते.

मी मागे बसले. का गेले माहीत नाही, कुणी सांगितलं नव्हतं. पवनेकडे उतरणाऱ्या खिंडीत धुकं असं की जीपचं बॉनेट दिसत नव्हतं. शंकरभाऊ मान बाहेर काढून चालवत होते. मारुतीदादा पुढे, छत्री गुडघ्यांत, दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरलेला, आणि तोंडानं सारखं, हळू, "घाबरलेला न्हाई त्यो. त्यो घाबरलेला न्हाई." मला कळेना काय म्हणतोय. मग कळलं. तो माणूस घाबरलेलाच नव्हता ना. मुलांना घेऊन मजेत येत होता, आणि आम्ही त्याला पाण्यातून उसळत जाणारी जीप दाखवून ठेवली होती.

खिंड उतरून आम्ही कॅम्पच्या बाजूनं ओढ्यावर आलो. आधी आवाज आला. मग पाणी दिसलं, चहाच्या रंगाचं, फरशीवरून आडवं जाणारं, एका अख्ख्या फांदीला खेळण्यासारखं उलटंपालटं करत. आणि पलीकडे, धुक्यात, गाडीचे दोन दिवे.

उभे होते. अजून पाण्यात उतरले नव्हते.

आम्ही खाली उतरलो. ओरडून काही पोचत नव्हतं. शंकरभाऊंच्या फोनला रेंजचा एक दांडा होता. त्यांनी फोन काढला, पावसात, अंगठा ओला, स्क्रीन ओली. ऑफिसात लावलेला व्हिडिओ तसाच उघडा होता. ते बंद करायला दाबतायत तर तो परत सुरू झाला. परत दाबलं, आवाज मोठा झाला. समोर खरी फरशी गर्जत होती आणि त्यांच्या तळहातावर त्यांचीच जीप गाण्याच्या तालावर पाणी उडवत होती. त्यांनी शिवी दिली, फोन जीपमध्ये फेकला आणि दोन्ही हात वर करून हलवायला लागले. थांबा, थांबा. मीही हलवायला लागले, ओढणी काढून, जिवाच्या आकांतानं.

आणि दिवे पुढे यायला लागले.

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. आम्ही म्हणत होतो थांबा, पण त्या पावसातून, त्या धुक्यातून, पलीकडून ते दिसत होतं या, या. कॅम्पवाले स्वागताला आलेत. जितकं आम्ही जोरात हलवू तितकं ते या.

"हात खाली करा," मारुतीदादा म्हणाला. आवाज फुटलेला. त्यानं शंकरभाऊंचा दंड धरून खाली ओढला. शंकरभाऊंना कुणी असा हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. मग त्यानं एकदा पाण्याकडे बघितलं, छत्री टाकली, घशातून एक विचित्र आवाज काढला आणि पळाला.

पाण्याकडे नाही. उलटा. चढावर, लांब, हात पसरून, धडपडत, एक चप्पल चिखलात ठेवून, एवढा मोठा देह, मागे न बघता, जसं काही ओढा उठून त्याच्या मागे लागलाय. मला वाटलं, गेला. आम्हाला टाकून पळाला. मला त्याचा इतका राग आला त्या वेळी, आणि मग मी परत फरशीकडे वळले.

गाडीची पुढची चाकं पाण्यात होती. चाकांभोवती पांढरा फेस. गाडी थांबली होती.

किती वेळ ते सांगता येणार नाही.  मग दिवे हळूच मागे गेले. अजून मागे. मग वळले, डोंगराकडे उजेड फिरला आणि धुक्यात गेला.

मारुतीदादा आम्हाला वरच्या वळणावर एका दगडामागे बसलेला सापडला. गुडघे सोललेले, दात वाजतायत. "गेली का गाडी?" एवढंच विचारलं.  शंकरभाऊंच्या हातात चिखलानं भरलेली एक चप्पल होती. वाकून ती त्यांनी त्याच्या पायापुढे ठेवली. म्हणाले, "घाल."

ते कुटुंब संध्याकाळी लांबच्या रस्त्यानं कॅम्पवर पोचलं, आम्ही तिथंच थांबलो होतो. मुलांचा बाप हसत सांगत होता, त्याला काही वाटलंच नव्हतं. त्याची बायको हसत नव्हती, धाकटीला मांडीवरून खाली सोडत नव्हती. ती म्हणाली, "दोघं जण बोलावत होते. पण तो एवढा मोठा माणूस पळताना बघितला, आणि मी ह्यांना म्हटलं, गाडी मागे घ्या. आत्ता."

नंतर मी त्याला विचारलं, "दादा, मुद्दाम पळालात ना?"

"न्हाई ताई. मुद्दाम कसलं. खरंच भ्यालो. पायच सुटलं." मग गार झालेला चहा तरीही फुंकत म्हणाला, "पन पळता पळता वाटलं, बगू दे त्यास्नी."

सोमवारी शंकरभाऊ आले. सॉरी वगैरे काही नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "त्ये पान्याचं वर घे. पयलं. गान्याच्या बी वर." मग शब्दावरून अर्धा तास वाद. "फरशीला फरशी न्हाई म्हनायचं, मग काय म्हनायचं?" शेवटी ठरलं, ओढ्याच्या रस्त्यावर पाणी आहे, गाडी घालू नका, लांबून या. अक्षरं एवढी की लहान मुलानं वाचावीत. रस्त्याचं बटण लांबच्या रस्त्याचं झालं. व्हिडिओ काढायला मात्र भाऊ तयार होईनात, जीप नवीन होती. मारुतीदादा म्हणाला, "घेऊ की." आणि त्यानं भाऊंच्या फोनवर एक बटण करून दिलं. भाऊंनी रोज सकाळी फरशीपाशी जाऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघून ते दाबायचं. पाणी आहे, नाहीतर पाणी नाही. 'नाही' दाबलं तरच जीपचा व्हिडिओ दिसणार.

"मोटं कर बटन," शंकरभाऊ उठता उठता म्हणाले. "आंगठा वला असतो तितं."

इथं थांबलं असतं तर किती छान. पण मारुतीदादाचं उलटं झालं. लोकांना वाटतं, एकदा असं काही निभावलं की माणसाची भीती जाते. त्याची वाढली. पाऊस सुरू झाला की त्याला ऑफिसात बसवेना. आमच्या प्रत्येक साईटवर त्याला कुठंतरी कुणीतरी बुडताना दिसायचं. स्वतःच बनवलेली पानं उघडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचा, एकेका शब्दावर बोट ठेवून, मला विचारायचा, "ताई, हे तुमच्या चिंचवडात काय म्हनून वाचत्याल?" एकदा 'वरच्या अंगाला पार्किंग' ह्यावर दुपार गेली. शनिवारचे फोन आता सर आत गेल्यावर नाही, सरांसमोरच. सर चांगले होते, पण त्यांनाही ते बघवेना. शेवटी त्यानंच सांगितलं, गावाकडे छोटं दुकान टाकतो, फ्लेक्सचं. "मुंडकी बारीक-मोटी झाली तर मानसं मारायला येत्यात, ताई. पन मरत न्हाईत."

त्याच्या शेवटच्या दिवशी आम्ही एकाच लोकलनं निघालो. तडकलेला फोन आणि ग्लास त्यानं माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवले होते, न सांगता. गाडीत तो खिडकीपासून लांब, मधल्या सीटवर, छत्री गुडघ्यांत.  बेगडेवाडी आलं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो जागचा उठला नाही, मग सगळ्यांच्या शेवटी उतरला. भुरभुर पाऊस होता. तो प्लॅटफॉर्मवर मागे, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

मी दारात आले आणि हात हलवला. टाटा केला, जोरात. त्यानं हात उचलला नाही. दोन्ही हात अंगाला चिकटवून उभा, शाळेतल्या मुलासारखा, नुसता माझ्याकडे बघत. मला जरा वाईट वाटलं. गाडी सुटली तरी मी हलवतच होते. मग एकदम ती फरशी आठवली, ते आमचे हात आठवले, आणि माझा हात आपोआप खाली आला.

तेवढ्यात त्यानं खिशातून फोन काढलेला दिसला, पावसातच, मान खाली घालून. गाडीनं वेग घेतला, भिंत संपली, तो दिसेनासा झाला. माझा फोन थरथरला.

"दारात हुबी ऱ्हाऊ नको आत जाजाजाजजजज"

मी आत गेले.